बडे बाबूंच्या गच्चीवरचा हौद

सन दोन हजार चारच्या उन्हाळ्यात बालाघाटमधल्या एका निवृत्त सरकारी कर्मचाऱ्याच्या गच्चीवर अकरा मासे विनापरवाना जिवंत असल्याचं प्रशासनाच्या निदर्शनास आलं.

मासे नीळकंठराव पाठराबे यांचे. चौतीस वर्षं एकाच कार्यालयात काढून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून निवृत्त झालेला माणूस. घरी बसून त्यानं करायचं काय? पोरीनं, देवश्रीनं, नागपूरहून मासिकातलं एक कात्रण पाठवलं. वर मथळा होता, घरच्या घरी ॲक्वापोनिक्स. हौदात मासे पाळायचे, त्यांच्या घाणीचं पाणी पंपानं वरच्या गोट्यांच्या वाफ्यात सोडायचं, गोट्यांतच पालक-टमाटर लावायचे. भाजी ती घाण खाते आणि पाणी निवळून परत माशांकडे येतं. नीळकंठरावांना हे वाचताक्षणी पटलं. एकाची घाण दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायची आणि सगळ्यांची पोटं भरायची, ही पद्धत त्यांच्या चांगल्या परिचयाची होती.

लालबर्‍याहून त्यांनी बोटभर लांबीची पिल्लं आणली, पाण्याची पिशवी बसमध्ये मांडीवर धरून. दोन वर्षांत ती वीत-सव्वा वीत झाली. वीज गेली की पंप बंद, आणि वीज तर दिवसातून चारदा जायची. मग नीळकंठराव लोट्या-लोट्यानं पाणी उपसून गोट्यांवर घालत बसत. सकाळी पाण्यात हात धरला की अकराही मासे बोटांशी यायचे. चौतीस वर्षांत कामाशिवाय कुणी त्यांच्या टेबलाशी आलं नव्हतं; हे अकरा जण यायचे. म्हाताऱ्याचा जीव जडला होता, उगाच लपवायचं कशाला?

"मासोळ्याईशी बोलता तेवढं माह्याशी बोलले असते तं संसार सोन्याचा झाला असता," असं सत्यभामाबाई म्हणायच्या आणि कणकेच्या गोळ्या करून स्वतःच वर नेऊन टाकायच्या.

शेजारच्या मोतीलाल यांनी मात्र अर्ज दिला की गच्चीवर डबकं आहे, मच्छर होतात. खरं तर त्या गल्लीत सगळ्यात कमी डास पाठराब्यांकडे. अळी दिसली की मासा गिळायचा. पण मोतीलालना आपल्या घरचे डास कुणाच्या तरी नावावर टाकायचे होते. जलपात्र निरीक्षण कक्षाकडून, म्हणजे नीळकंठरावांच्याच जुन्या कार्यालयाकडून, नोटीस आली: 'पंद्रह दिवस के भीतर सार्वजनिक प्रदर्शन कर सिद्ध करें कि उक्त हौज उपयोगी है, अन्यथा तोड़ दिया जाएगा।'

नीळकंठराव उलट खूश झाले. म्हणाले, "दाखवू ना! सगळ्या गावाले दाखवू."

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी पूर्वतयारी पाहायला निरीक्षक हेमराज आला. एकेकाळी नीळकंठरावांच्या हाताखाली टपाल लावायचा. त्यानं वाकून पाय धरले, मग वाकून हौद पाहिला.

"बडे बाबू, पाणी हिरवं हाय."

"हिरवंच लागते रे. त्याच्यावरच तं सगळं चालते."

"अन् हे गोटे? शेवाळ चढलं हाय याईच्यावर."

"तेच तं पाणी साफ करते!"

"साहेबाले हिरवं दिसन, तवा जबाब कोण देईन? तुमी तं रिटायर झाले." हेमराजनं पिशवीतून एक पिवळा कागद काढला. "नियम हाय ना."

परिपत्रक एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचं होतं. त्या साली कुण्या साहेबाला निरीक्षणात पिण्याच्या माठात बेडूक दिसला होता. तेव्हापासून निरीक्षणापूर्वी परिसरातल्या सर्व टाक्या, हौद व कुंड्या रिकाम्या कराव्यात, आतून फिनाईलनं धुवाव्यात, चुना द्यावा आणि स्वच्छ पाण्यानं भराव्यात, असा आदेश होता. कसूर केल्यास निरीक्षण रद्द. खाली झोकदार सही होती. ती सही नीळकंठराव पाठराबे यांची होती.

"अरे, हे माठासाठी होतं!"

"परिपत्रकात 'सर्व' लिवलं हाय, बडे बाबू. शब्द तुमचाच हाय."

"मासे मरतीन, हेमराज."

"मासोळ्याईबद्दल काई लिवलं नाही."

"मंग सूट दे."

"सूट द्याचा अधिकार फक्त बडे बाबूले. अन् तुमी गेल्यापासून ते पद रिकामं हाय." हेमराजचा चेहरा खरोखर पडला होता. "तुमी असते तं लगेच झालं असतं."

आता निरीक्षण रद्द म्हणजे प्रदर्शन रद्द, आणि प्रदर्शन रद्द म्हणजे हौदावर घण. नीळकंठराव जिन्यात बसून राहिले. वर दोन मजूर गोटे फिनाईलनं घासत होते. शेवाळ गेलं, गोटे देवघरात ठेवावेत असे निघाले. हौद आतून पांढराशुभ्र झाला, बाहेरून गेरूचा पट्टाही आला, कारण गेरूशिवाय साहेब येत नाही. मासे तोवर घमेल्यात तोंड वर काढून होते. संध्याकाळी त्यांना नव्या पाण्यात सोडलं. उजाडता अकराही मासे पोट वर करून तरंगत होते.

सत्यभामाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "एवढी वर्षं कागदाच्या ढिगावर बसले होते न? एक कागद नाही फाडता आला तुमाले?"

"सही माझी होती वो," नीळकंठराव म्हणाले, आणि पेरूखाली खड्डा करायला गेले.

प्रदर्शन ठरल्याप्रमाणे तीन तास उशिरा सुरू झालं. मंडप, माइक, खुर्च्या. पार भरवेली गावापर्यंतचे लोक मोटारसायकलींनी आलेले. पिवळ्या पडू लागलेल्या पालकापुढं सरकारी नर्सरीतल्या झेंडूच्या कुंड्या मांडल्या होत्या. साहेबांनी फीत कापली, हौदात डोकावले आणि प्रसन्न झाले. तळ लख्ख दिसत होता.

"वाह! पानी कितना साफ है. और मछली?"

नीळकंठरावांच्या हातात माइक होता. खरं सांगायला दोन शब्द पुरे होते. त्यांनी हौदाकडं पाहिलं, हेमराजकडं पाहिलं, आणि चौतीस वर्षांची जीभ आपोआप वळली.

"प्रस्तावित है, सर."

"बढ़िया! चरणबद्ध तरीके से. पहले पानी, फिर मछली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हौद जागेवरच आदर्श घोषित झाला. आहे त्या स्थितीत जतन करावा, असा आदेशही निघाला.

पंधरा दिवसांत पालक मेला. पंधरा दिवसांत हौदात अळ्या वळवळू लागल्या आणि साऱ्या गल्लीत डासांचा सुकाळ झाला. मोतीलाल यांनी पुन्हा अर्ज दिला, सोबत आगपेटीत पुराव्यादाखल तीन मच्छर. उत्तर आलं: 'उक्त हौज एक सौ बारह नागरिकों के समक्ष सफल पाया जा चुका है। अतः उसमें मच्छर होना संभव नहीं।' नीळकंठरावांनी स्वतःच हौद फोडायची परवानगी मागितली. आदर्श हौद फोडता येत नाही, असं त्यांना कळवण्यात आलं.

आता सकाळी ते प्रदर्शनाच्या दिवशीचं अभिप्रायाचं रजिस्टर घेऊन हौदाशी बसतात. एकशे बारा सह्या आहेत. 'पाणी फार स्वच्छ.' 'सुंदर उपक्रम.' 'असे हौद घरोघरी व्हावेत.' मासे कुठं आहेत, असं एकानं तरी लिहिलंय का, ते पानं उलटून पाहतात. पहिली सही त्यांची स्वतःची आहे. तुमची-माझी चाळिसाव्या ओळीच्या आसपास असेल, आठवून बघा. त्या दिवशी चहाबरोबर आलूबोंडे होते.