टायरला शोभेल असा रस्ता

सावरखुर्द गावातून वरच्या वस्तीला जाणाऱ्या रस्त्यावर चार प्रकारची जमीन आहे, आणि शासनाने आरोग्य उपकेंद्राला दिलेल्या मोटारसायकलला चाके मात्र दोनच होती. सगळी अडचण इथून सुरू झाली.

जमीन आधी नीट समजून घेऊ, म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही. उपकेंद्रापासून फाट्यापर्यंत डांबर. फाट्यापासून नाल्यापर्यंत काळी माती. नाल्यात गोल गोटे. नाला ओलांडला की मुरमाचा चढ, आणि चढ संपला की वरची वस्ती. तिथे गोकुळ आणि त्याची बायको राखी राहत. राखीला दिवस गेले होते आणि श्रावणात ती बाळंत होणार होती. उपकेंद्राच्या मंजुश्री सिस्टरला तिच्यापर्यंत वेळेत पोचता यावे, म्हणून ती मोटारसायकल आली होती. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवा. गाव ती लवकरच विसरले.

मोटारसायकल साध्या टायरवर आली. ग्रामसभेत सिस्टर म्हणाली, "काळ्या मातीच्या तुकड्यावर थोडा मुरूम टाकून द्या. आहे त्याच टायरवर मी जाईन."

तालुक्याहून इंद्रभान साहेब आले होते. ते कोणत्याही प्रश्नाचे उत्तर शांतपणे देत आणि उत्तर दिल्यावर प्रश्न जिथल्या तिथे राही. ते म्हणाले, "सिस्टर, आजचा विषय वाहनाचा आहे. रस्ता वेगळ्या खात्याकडे येतो."

"पण साहेब, वाहन रस्त्यावरच चालते ना?"

"चालण्याचा मुद्दा अजून आलेला नाही. आपण टायरवर आहोत."

लगेच 'भूपृष्ठानुरूप टायर निवड समिती' स्थापन झाली. तज्ज्ञ म्हणून फाट्यावरचे टायरवाले फकीर मोहम्मद यांना बोलावले. त्यांनी चार टायर चावडीच्या ओट्यावर मांडले. टायरचे शास्त्र अवघड नाही. चिखलाच्या टायरला रबराचे मोठमोठे गुटके असतात आणि त्यांच्यात रुंद फटी असतात, म्हणजे माती अडकत नाही, फिरता फिरता गळून पडते. गोट्यांसाठी रबर मऊ लागते, दगडाला धरून राहणारे. मुरमासाठी गुटके बारीक आणि दाट. डांबरासाठी जवळजवळ सपाट. लग्नातले बूट घालून कोणी शेतात निंदायला जात नाही आणि गमबूट घालून कोणी बोहल्यावर चढत नाही, इतके ते सरळ आहे.

सरळ गोष्ट समितीपुढे आली की तिला प्रतिनिधित्व लागते. गोकुळ उठून म्हणाला, "आमच्या वस्तीचा मुरूम हाय. एक चाक तरी मुरमाचं पाह्यजे."

नाल्याकाठी शेत असलेल्या आशाबाई पंचायतीच्या सदस्य होत्या. त्या म्हणाल्या, "मंग गोट्यायनं काय घोडं मारलं? पुढचं चाक गोट्याचं करा."

"अन् काळ्या मातीले वाऱ्यावर सोडता का बे?" पुंजाजी मागून ओरडले. त्यांची सारी जमीन काळी होती. "दोन चाकं तुमीच वाटून घ्या, आमी काय स्टँडवर बसावं?"

फकीर मोहम्मद हसून म्हणाले, "साहेब, मधातला टायर घ्या. थोडा डांबराले चालते, थोडा मातीले."

"थोडा म्हणजे किती टक्के?" साहेबांनी विचारले.

"आता टायर काय टक्के सांगून घासते का जी?"

टक्केवारी नसल्याने मधला टायर बाद झाला. बरीच चर्चा होऊन, अडचण पावसाळ्याची म्हणून दोन्ही चाकांना चिखलाचेच टायर बसवावेत, असे ठरले. निर्णय चुकीचा नव्हता. समितीने तिथेच थांबायला हवे होते.

पण टायर स्वीकारायचे तर त्यांची चाचणी व्हायला हवी, आणि चिखलाच्या टायरची चाचणी चिखलातच व्हायला हवी. महिना मे होता. काळ्या मातीला भेगा पडल्या होत्या आणि त्यात शेळीची करडे पाय अडकवून बसत होती. साहेबांनी विचार केला आणि गावाला पिण्याच्या पाण्याचा जो टँकर येत असे, तो रस्त्यावर रिकामा करायला सांगितले.

आशाबाई पाण्याची गुंडी घेऊन टँकरमागे धावल्या. "माणसाले प्याले नाई अन् रस्त्याले आंघोय घालून राह्यले! साहेब, काऊन हो?"

"आई, हे पाणी वाया जात नाही. चाचणीच्या उपयोगाला येत आहे."

चिखल चांगला झाला. फकीर मोहम्मद पाना घेऊन पुढे आले आणि पुढच्या चाकावरचा मडगार्ड खोलू लागले. या भागात पाऊस लागला की प्रत्येक जण आधी पुढचा मडगार्ड काढून माळ्यावर टाकतो. काळ्या मातीचा चिकट गारा चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरला की चाक फिरत नाही, हे इथल्या शाळकरी पोरीही जाणतात. साहेबांनी त्यांचा हात धरला.

"हे काय करता?"

"मडगार्ड काढून राह्यलो जी. गारा दाटते ना."

"शासकीय वाहनाचा अवयव असा काढता येत नाही. आणि नावातच गार्ड आहे. त्याचे काम चिखलापासून रक्षण करणे. चिखलात जाताना रक्षकच काढायचा?"

फकीर मोहम्मद यांनी मडगार्ड पुन्हा कसला. टँकरचा चिखल आमटीसारखा पातळ होता, त्यामुळे गाडी त्यातून सहज गेली. टाळ्या झाल्या. टायर उत्तीर्ण झाले.

दुसऱ्या दिवशी फकीर मोहम्मद सहज बोलून गेले की असे टायर डांबरावर चालवले तर गुटके लवकर झिजतात. बोलायला नको होते. शासकीय टायर झिजू नयेत म्हणून मोटारसायकल डांबरावर चालवण्यास मनाई झाली. आता उपकेंद्रापासून फाट्यापर्यंत ती पुंजाजींच्या बैलगाडीतून न्यायची, फाट्यावर उतरवायची आणि पुढे चालवायची, अशी व्यवस्था लागली. सिस्टर बैलगाडीच्या मागून चालत जाई.

आणि नेमके जूनच्या तोंडावर मुरमाचे टिप्पर आले. वेगळ्या खात्याला सिस्टरने ग्रामसभेनंतर धाडलेला अर्ज इतक्या दिवसांनी सापडला होता. सिस्टर धावत फाट्यावर गेली. तिथे साहेब टिप्परपुढे हात पसरून उभे होते.

"मुरूम टाकला तर चिखल राहणार नाही. चिखल राहिला नाही तर चिखलाच्या टायरचे समर्थन काय करायचे? मग मुरमाचे टायर, मग पुन्हा समिती. सिस्टर, तुम्हाला राखीबाईंपर्यंत लवकर पोचायचे आहे ना? मग समिती वाढवू नका."

विषय मतदानाला आला. इथे एक गोष्ट सांगायची राहिली. चिखलाच्या चाचणीचे फोटो कोणीतरी मोबाइलवर फिरवले होते, आणि दर रविवारी शहरातून दणकट मोटारसायकलींचे तरुण गावात येऊ लागले होते. आठवडाभर ते गुळगुळीत रस्त्याने ऑफिसला जात, म्हणून त्यांनी खडबडीत टायर घेतले होते आणि त्या टायरना साजेसा रस्ता शोधत फिरत होते. वळवाच्या सरींनी चिखल ताजा राही. पोरे त्यात फसत, फोटो काढत, आणि आशाबाईंच्या नव्या टपरीवर चहा पीत. फसलेल्या गाड्या गोकुळ ट्रॅक्टरने ओढून काढी आणि त्याचे पैसे घेई.

चिखल राहावा, यासाठी हात वर झाले. आशाबाईंचा झाला, पुंजाजींचा झाला. गोकुळने आधी इकडे तिकडे पाहिले, मग त्यानेही केला.

"गोकुळभाऊ, तुमची बायको आहे वर," सिस्टर हळूच म्हणाली.

"हाव ना. पण आता गाडी हाय ना तुमच्यापाशी? चिखलाचीच तं हाय!"

टिप्पर परत गेले. फाट्यावर पाटी लागली: 'हा चिखल सार्वजनिक उपयोगाचा आहे. यात मुरूम अथवा खडी टाकू नये.'

श्रावणात एका रविवारी दुपारी, धो धो पावसात, राखीच्या कळा सुरू झाल्या. गोकुळचा ट्रॅक्टर शहरातल्या पोरांची गाडी काढताना स्वतःच नाल्यात फसलेला होता. त्याने फोन केला. "सिस्टर, लवकर या व माय! राखी लय ओरडून राह्यली!"

नियमाप्रमाणे मोटारसायकल बैलगाडीत चढवली. सिस्टर पिशवी पोटाशी धरून मागून पळत निघाली. फाट्यावर गाडी उतरवली, किक मारली. गुटक्यांनी चिखल धरला, टायर खरोखर उत्तम होते. पण हा गारा टँकरचा नव्हता. मळलेल्या कणकेसारखा तो मडगार्डखाली दाटत गेला. थोडेच अंतर जाऊन पुढचे चाक थांबले ते थांबलेच. सिस्टरने काडीने गारा काढायचा प्रयत्न केला. वस्तीवरून पुन्हा फोन आला.

मागे वळून पाहिले तर पुंजाजी रिकामी बैलगाडी वळवत होते.

सिस्टरने हातातली काडी टाकली. दोन महिने ती या बैलगाडीच्या मागून चालत होती.

"पुंजाजी बाबा, थांबा! मले घ्या गाडीत!"

"तुमाले?" पुंजाजी चकित झाले. "आत्तापावतर बोलल्या काऊन नाई मंग?"

बैलांनी काळी माती ओलांडली, गोटे ओलांडले, चढ ओलांडला. त्यांनी टायरचा विचार केला नाही. सिस्टर पोचली तेव्हा उशीर होत आला होता, पण झाला नव्हता. राखीला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. गोकुळ दारात बसून रडत होता आणि मतदानात वर केलेला उजवा हात पुन्हा पुन्हा धोतराला पुसत होता.

बारशाला इंद्रभान साहेब पेढे घेऊन आले. उपक्रम यशस्वी झाल्याचे त्यांनी जाहीर केले आणि पुंजाजींच्या बैलगाडीला कोणते टायर योग्य ठरतील, यासाठी नवी समिती नेमली. गोकुळने विचारले, "साहेब, थोडा मुरूम?" साहेब म्हणाले, "आपण टायरवर आहोत." लोकांनी मान डोलावली आणि पेढे घेतले.

सावरखुर्दची माणसे भोळी आहेत, असे तुम्हाला वाटले असेल. वाटू द्या. फक्त तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जो खड्डा आहे, तो आठवा. दिवसा तो डावीकडून चुकवायचा आणि पाणी साचले की उजवीकडून, हे तुम्हाला आता सवयीने येते. घरच्या मुलांनाही तुम्ही ते शिकवले आहे, आणि मुले हुशार निघाली याचा तुम्हाला अभिमान आहे. पाहुण्याला फोनवर पत्ता सांगताना तुम्ही काय म्हणता? मोठा खड्डा लागला की लगेच वळा, तिसरे घर आमचे.

तो बुजवायला कोणी आले, तर परत पाठवा. पाहुणे चुकतील.