ओटीवाली इंदूकाकी

आमच्या शेजारच्या इंदूकाकीने आजवर माझ्या फ्रिजची, माझ्या वॉशिंग मशीनची, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीची, डोलवीच्या कारखान्यात कामगार नेणाऱ्या बसची आणि आमच्या रामवाडीत नव्याने बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरची ओटी भरली आहे. ट्रान्सफॉर्मरची तेवढी लांबून भरली. वायरमनने हात धरून मागे ओढलं म्हणून, नाहीतर आज हे लिहायला मला वेगळाच सूर लावावा लागला असता.

नवी वस्तू घरात आली की नारळ फोडायचा, हार घालायचा, एवढं सगळेच करतात. काकीचं तेवढ्यावर भागत नाही. तिच्या मते यंत्र म्हणजे सासरी आलेली पोर. “कुठं जन्माला आली, कुठं आली बिचारी! तिला रिकाम्या पदरानं कामाला जुंपायची? उपाशी लोखंड चावतं गो,” असं ती म्हणते. मग तांदूळ, सुपारी, हळकुंड, नारळ आणि वर ब्लाउजपीस अशी साग्रसंगीत ओटी. फ्रिजला भाजीचा ट्रे असतो, त्यामुळे तिथे सोय झाली. वॉशिंग मशीनपुढे मात्र काकी थोडी थबकली. “हिला पदर कुठाय?” मग तिचं तिनेच ठरवलं की ते गोल भांडं म्हणजेच पदर, आणि ओटी आत ठेवून ती घरी गेली.

आमचे हे सेकंड शिफ्ट करून आले, अंगावरचे कपडे आत न बघता मशीनमध्ये कोंबले आणि बटण दाबलं. त्यानंतर घरात जो आवाज सुरू झाला त्याने वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. नारळ ठणाठणा फिरत होता. दुसऱ्या दिवशी आलेल्या मेकॅनिकने पाइपातून तांदूळ काढले आणि फार अदबीने विचारलं, “वहिनी, यात भात लावला होतात काय?” काकीला वाईट वाटायचं सोडून तिचा ऊर भरून आला. “बघितलंस? तांदूळ खाल्लान. पोर खाती-पिती हाय.” ब्लाउजपीस मात्र स्वच्छ धुऊन निघालं होतं. ते तिने इस्त्री करून परत नेलं.

हे ब्लाउजपीस प्रकरणही सांगायला हवं. आमच्या पेणमध्ये ब्लाउजपीस शिवायला नसतंच, फिरायला असतं. आपण संक्रांतीला दिलेलं चैत्रात भलत्याच घरून आपल्याच पदरात परत येतं, आणि आपण “अय्या, किती गोड रंग!” म्हणून घेतो. काकीचं एक हिरवं ब्लाउजपीस होतं, काठाला बारीक जर. यंत्राची ओटी भरायची, चार दिवस जाऊ द्यायचे आणि ब्लाउजपीस उचलून आणायचं. “मशीन काय शिवणारे? पुढचीला होईल.” सबंध रामवाडीतल्या यंत्रांना मिळून एकच ब्लाउजपीस, आणि एकाही यंत्राने कधी त्यावरून नाक मुरडलं नाही.

खरं म्हणजे हीच काकी एके काळी आळीतल्या बायकांची हक्काची ओटी भरणारी होती. तिच्या हाताला गुण आहे असं सगळ्या म्हणायच्या. डोहाळजेवण असो, लेक सासरी निघालेली असो, पहिलं बोलावणं इंदूला. काका डोलवीला कंत्राटावर कामाला होते. त्यांना कावीळ झाली आणि बघता बघता ते गेले. त्यानंतर काकीला तोंडावर कुणी नको म्हणालं नाही. फक्त बोलावणी यायची थांबली. विधवेने सवाष्णीची ओटी भरू नये, हे आमच्याकडे बोलत कुणी नाही, पाळतात सगळ्या. तिची ओटी भरायचा तर प्रश्नच मिटला होता. मला याचा भयंकर संताप येतो, आणि काकीला माझ्या संतापाचं हसू येतं. “कशाला तापतेस गो? बायकांना भ्या वाटतं. मिक्सरला नाय वाटत.” यंत्रांची सुरुवात तिच्या घरच्या मिक्सरपासून झाली, ती ही अशी.

अशा या बाईला घेऊन आमचं महिला मंडळ थायलंडला गेलं.

मंडळाच्या अध्यक्षा सुलभाताई. त्यांनी निघायच्या आधी सगळ्यांना बोलावून, पण काकीकडे बघून सांगितलं, “तिथे परदेशात ओट्याबिट्या काही नाहीत हं. आपल्या गावाचं नाव जातं.” काकी म्हणाली, “बरं बाय.” सुलभाताईंनी तिची बॅग स्वतः भरून दिली, म्हणजे नारळ जायला नको. नारळ गेला नाही. पण ब्लाउजपीस काकीने कमरेला खोचलं होतं आणि तांदूळ रुमालाच्या गाठीत होते, हे मला विमानात कळलं. मी गप्प बसले. मला सुलभाताईंची फजिती बघायला आवडते, हे लपवण्यात अर्थ नाही.

विमानाला हात लावून काकी पुटपुटली, “ही मोठ्या घरची, हिची भरली असंल कुणीतरी,” आणि जागेवर बसली. हॉटेलची लिफ्ट, बाजारातली बर्फाची मशीन, सगळ्यांकडे ती मायेने बघत होती, पण दिलेला शब्द पाळत होती. शेवटच्या दिवशी क्राबीला अर्ध्या दिवसाची होडीची सैर होती. खाडीत चुनखडीचे सुळके आहेत, त्यांच्यामधून फिरवून दुपारच्या जेवणाला परत आणतात. मी मूळची अष्टमी गावची. पुलावर उभं राहून कुंडलिका नदी बघणं एवढाच माझा पाण्याशी संबंध, त्यामुळे होडी बघूनच मी दोन पावलं मागे सरकले. काकीचं माहेर खाडीकाठचं, मिठागराच्या बांधावरचं. ती धक्क्यावर पोचली ती घरी आल्यासारखीच.

आणि तिथे तिचे पाय थांबले.

होडी लांबट होती. नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचललेलं, आणि त्या टोकाला रंगीबेरंगी कापडं गुंडाळलेली. लाल, पिवळं, गुलाबी. त्यावर झेंडूचा हार. “मनीषा,” काकीने माझा दंड धरला, “हिची ओटी भरलीय गो!”

आमच्या गाइडकडे मोजकंच हिंदी होतं: चलो, रुको, फोटो, खाना आणि जल्दी. तरी त्याने त्या टोकाकडे बोट दाखवून बजावलं, “आगे पाँव नहीं. आगे देवी.” सुलभाताईंनी त्याचं मराठी भाषांतर केलं. “काकी, हात लावलात तर आपल्याला पाण्यात टाकतील.”

पण काकी नाळेकडे गेलीच नाही. ती धक्क्यावरच्या टपरीकडे गेली आणि नारळ घेऊन आली. म्हणजे तिला नारळ हवा होता. टपरीवाल्याने दिलं ते सोलून गुळगुळीत केलेलं पांढरं शहाळं, वरून भोक पाडलेलं, त्यात स्ट्रॉ. काकीने ते फिरवून फिरवून पाहिलं. “शेंडी नाय ह्याला. आणि नाकात नळी. आता काय करू?”

ती होडी एका जोडप्याची होती. नवरा मागे इंजिनापाशी, बायको पुढे दोर धरून उभी, सावळी, काटक, डोक्याला फडकं बांधलेली. काकी शहाळं घेऊन तिच्याकडे निघाली आणि मध्येच उभी राहिली. मी या बाईला ट्रान्सफॉर्मरपुढे न घाबरलेली पाहिलेली आहे. आता तिने शहाळं पदराआड घेतलं.

“मनीषा, हिला विचारावं लागंल गो. होडीला धनीण हाय.” मग हळूच, “बाय नाय म्हणाली तर?”

काका गेल्यापासून तिने एकाही बाईपुढे ओटी धरली नव्हती. कधी हात पुढे केला नव्हता, म्हणून कुणाला नाही म्हणायची वेळ आली नव्हती. सुलभाताई मागून “काकी, काकी” करत होत्या. मी त्यांना मुद्दाम आडवी उभी राहिले आणि म्हटलं, “विचार तू. जा.”

काकी गेली. शहाळं दोन्ही हातांनी पुढे केलं, मग होडीच्या टोकाकडे मान केली, मग स्वतःचा पदर पसरून दाखवला. होडीवाली बघत राहिली. मग ती छान हसली, शहाळं घेतलं आणि स्ट्रॉ तोंडात घालून गटागटा प्यायली.

मंडळाच्या सगळ्या बायका हसत सुटल्या. मग काकीही हसायला लागली. “प्यायली गो! देवीला दिलेलं हिनंच ढोसलं!” हसता हसता तिने कमरेचं ब्लाउजपीस काढलं आणि त्यात तांदळाची गाठ ठेवून पुढे धरलं. कापड बघताच होडीवालीचं हसू बदललं. तिने पाणी घेऊन हात धुतले. तांदूळ नाळेपाशी ठेवले, हिरवं ब्लाउजपीस उलगडून बाकीच्या कापडांवर घट्ट बांधलं, आणि हात जोडले. आधी होडीला, मग काकीला.

त्यानंतर आम्ही म्हणे जगप्रसिद्ध देखावा पाहिला. खरंच सुंदर होता तो. हिरव्या पाण्यातून सरळ वर गेलेले कडे, पाण्याने तळाशी कुरतडलेले, अंगावर झाडं घेऊन उभे. गुहांच्या छतांतून थेंब थेंब पाणी गळत होतं. एका ठिकाणी छोट्या होड्यांत बसवून आम्हाला खडकाखालून नेलं, तेव्हा छत इतकं खाली आलं की सगळ्यांना उताणं झोपावं लागलं. सुलभाताई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या आणि मी त्यांच्या मागून. पलीकडे बाहेर पडलो तर तिवरांची दाट राई. “ही तर आमच्या खाडीतलीच गो, हीपण सहलीला आली काय?” असं काकी म्हणाली. गाइडने कड्याकडे हात करून लाइमस्टोन, लाइमस्टोन असा घोष लावला. मी तिला चुनखडी म्हणून सांगितलं. तिने वर मान करून तो सबंध डोंगर पाहिला. “एवढा चुना, आणि पान खायला एक माणूस नाय.”

एरवी तिचं लक्ष डोंगरांकडे नव्हतंच. मोठ्या होडीत आलो की ती टोकाकडे बघत बसायची. समुद्राच्या वाऱ्यावर ते ब्लाउजपीस फडफडत होतं. “आता हे परत मागायचं नाय,” ती एकदा म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

धक्क्यावर परत आलो. सगळ्या उतरून बसकडे निघाल्या. गाइड जल्दी जल्दी ओरडत होता. काकी उतरणार तेवढ्यात होडीवालीने तिचा हात धरला आणि थांबायची खूण केली. टोपलीतून बुटक्या केळ्यांची फणी काढली, त्यावर झेंडूचा ताजा हार ठेवला, ते दोन्ही हातांत घेतलं आणि मानेने काकीच्या पदराकडे खुणावलं. सकाळी काकीने दाखवलं होतं तसंच.

काकी एकदम मागे सरकली. “नको गो बाय. मला नाय चालत.”

होडीवालीला काय कळणार? ती आणखी पुढे झाली. काकीने माझ्याकडे पाहिलं, पण हे थाई भाषेत कसं सांगायचं ते मला कुठे ठाऊक होतं, आणि ठाऊक असतं तरी मी सांगितलं नसतं. मग काकीनेच खुणा केल्या. कपाळावर बोट टेकवून हात हलवला. कुंकू नाय. मग गळ्याला हात लावून हात हलवला. मंगळसूत्र नाय. पुन्हा कपाळ, पुन्हा गळा. तिचा चेहरा कसनुसा झाला होता.

होडीवालीने हे नीट पाहिलं. तिला कळवळा आला. केळी फळीवर ठेवून ती कमरेच्या पिशवीत शोधू लागली आणि तिने एक छोटी हिरवी बाटली काढली. बाम. तिला वाटलं, म्हाताऱ्या पाहुणीचं डोकं दुखतंय, घसा धरलाय, उन्हात फिरल्यावर होतं असं. तिने बोटावर भरपूर बाम घेतला आणि काकीच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध, अंगठ्याने गोल गोल चोळला. मग गळ्यालाही थोडा लावला.

काकी हलली नाही. होडीवालीने केळी उचलली आणि या वेळी खुणावलंही नाही. काकीचा पदर स्वतःच ओढून पुढे घेतला आणि त्यात ओटी घातली. फणी जड होती, पदर घसरायला लागला. मी धावले, पण सुलभाताई माझ्या आधी पोचल्या. त्यांनी पदराचं टोक सावरलं, काकीच्या कमरेला नीट खोचलं, आणि बसमध्ये जाऊन बसल्या.

काकी वाकून होडीवालीच्या पाया पडली. ती काकीला लेक शोभेल अशा वयाची असेल. ती बिचारी घाबरून तिला उठवत होती.

बसमध्ये काकी माझ्या शेजारी बसली. ओटी मांडीवर तशीच. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मीही रडत होते. उन्हाने बाम पातळ होऊन भुवईवर ओघळायला लागला, तो आता डोळ्यात जाईल म्हणून मी रुमाल काढला आणि तिच्या कपाळाकडे नेला.

काकीने माझा हात धरला आणि बाजूला केला.

“ऱ्हाऊ दे गो,” ती म्हणाली. “थंड वाटतंय.”