हजार गवतांची चिगुसा

"नाव असं हवं की अख्ख्या आयर्लंडमध्ये दुसऱ्या कुणाचं नसेल," संध्याने पाचव्या महिन्यातच जाहीर केलं. निमिषने लगेच मान हलवली. पाचव्या महिन्यात नवऱ्याने फक्त मान हलवायची असते, एवढं शहाणपण त्याला आलं होतं.

हट्टामागे कारण होतं. शाळेत संध्याच्या वर्गात पाच संध्या होत्या. त्यांतली एक हुशार, एक नाचणारी, एक मुख्याध्यापकांची पुतणी. आपली संध्या दहावीपर्यंत 'ती दुसरी' म्हणूनच राहिली. सातवीत तिला हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं, तेव्हा नाव पुकारल्यावर भलतीच संध्या ऐटीत स्टेजवर जाऊन ते घेऊन आली, आणि बाईंनाही परत मागायचा संकोच वाटला. ते दुःख संध्याच्या मनातून अजून गेलेलं नव्हतं. आपल्या लेकीचं बक्षीस आपल्या लेकीलाच मिळालं पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं.

पण ती दोघं राहत होती त्या नास गावात आणि आसपास मराठी घरं पंचवीस, आणि त्यांत तीन अनाया, चार इरा. गेल्या वाढदिवसाला कुणीतरी "इरा, केक!" अशी हाक मारली, तर चार दिशांनी चार मुली धावत आल्या होत्या. मराठी नावांचं काही खरं नव्हतं. निमिष कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, त्यामुळे त्याने एक्सेल शीट उघडली, आणि शोधता शोधता जपानी मुलींच्या नावांच्या एका यादीपाशी येऊन पोहोचला. यादीत नावाचा अर्थ होता आणि ते किती लोकप्रिय आहे तेही होतं.

"चिगुसा," त्याने वाचलं. "अर्थ, हजार तऱ्हेची गवतं. लोकप्रियता, दुर्मिळ."

संध्याने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर भिजलेलं गवत होतं, त्यापलीकडे गवत होतं, मध्ये पाचसहा मेंढ्या आणि पुन्हा गवत. तिचे डोळे भरून आले. "अरे, हे तर इथलंच नाव आहे!" इथल्या सरकारी यादीत शोधलं, तर चिगुसा औषधालासुद्धा नव्हती.

"बारशापर्यंत कुणाला सांगायचं नाही हं," संध्या म्हणाली.

"कुणाला म्हणजे कुणालाही नाही," निमिष म्हणाला.

आपल्याकडे गुपित ठेवणं म्हणजे एका वेळी एकालाच सांगणं. निमिषला दुसऱ्याच दिवशी शंका आली की यादीतला अर्थ चुकीचा निघाला तर काय? जपानीत चिगुसा म्हणजे नळाची तोटी असली तर? कारखान्यात त्याच्या शेजारच्या टेबलापाशी जपानच्या हायाशीबाई बसायच्या. त्याने त्यांना आधी शपथ घातली आणि मग विचारलं.

हायाशीबाईंनी हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. "चिगुसा! किती वर्षांनी ऐकलं. अर्थ बरोबर आहे. फार गोड नाव. हल्ली आमच्याकडे कुणी ठेवत नाही." मग त्या कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. आपण एका जपानी बाईला तिच्याच देशातल्या नावाची आठवण करून दिली, याचा निमिषला घरी जाईपर्यंत अभिमान वाटत होता. हायाशीबाईंनाही दिवस गेले आहेत, हे त्याच्या लक्षात आलं नाही. पुरुषांच्या लक्षात येतं तेव्हा बहुधा बारशाचं आमंत्रण आलेलं असतं.

तिकडे संध्याला दुसरीच काळजी. इथल्या लोकांना नाव उच्चारता येईल ना? म्हणून तिने शेजारच्या ब्रीडाबाईंवर प्रयोग केला. ब्रीडाबाई सत्तरीच्या, रोज कुंपणावरून पाऊस आणि शेजारी या दोन विषयांवर बोलणाऱ्या. त्यांनी एका दमात "चिगुसा" म्हणून दाखवलं आणि अर्थ ऐकून छातीवर हात ठेवला. "हजार गवतं! हे तर ग्रँड आहे, ग्रँड! मेले तरी कुणाला सांगणार नाही."

राहिली आत्या. बाळाच्या कानात नाव आत्या सांगते, त्यामुळे तिला न सांगून चालणारच नव्हतं. निमिषची थोरली बहीण रुचा इथल्याच कासलबार गावच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. फोनवर ती म्हणाली, "निमिष, मी पेशंटची गुपितं सांभाळते रे. तुझं काय घेऊन बसलास?" आणि खरोखरच तिने हे नाव कुणाचं ते कुणाला सांगितलं नाही. फक्त नाव सांगितलं. 'मराठी आई, आयर्लंड' या ग्रुपवर तिने साधा एक पोल टाकला, 'चिगुसा, अर्थ हजार गवतं. कसं वाटतं?' बावन्न जणींनी हार्ट पाठवले. संध्या अजून आई झालेली नसल्याने त्या ग्रुपवर नव्हती.

मार्चमध्ये मुलगी झाली. गुटगुटीत, भरपूर जावळ, आणि भूक लागली की पार ब्रीडाबाईंच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असा आवाज. निमिषची आई साताऱ्याहून यायची होती आणि तिचा व्हिसा रखडला होता, म्हणून बारसं जूनवर गेलं. तोवर मुलीला सगळे 'बाळ' म्हणत होते. आईबाप दार लावून हळूच 'चिगुसा' म्हणायचे आणि खूश व्हायचे.

एप्रिलमध्ये हायाशीबाईंना मुलगी झाली. त्यांनी निमिषला पेढ्यांसारखी काहीतरी जपानी मिठाई पाठवली आणि सोबत चिठ्ठी, 'चिगुसाकडून, तिला नाव सुचवणाऱ्या काकांना.'

"असू दे," संध्या दातओठ खात म्हणाली. "त्यांचं तरी ते हक्काचं आहे. मराठीत तर आपलीच एक."

मे महिन्याच्या शेवटी लुकन गावात मैत्रेयीच्या मुलीचं बारसं होतं. मैत्रेयी म्हणजे निमिषच्या कॉलेजमधल्या मित्राची बायको; हे तिचं दुसरं बाळ, त्यामुळे आयांच्या ग्रुपवर ती आधीपासूनच होती. संध्या नवी साडी नेसून, बाळाला घेऊन पुढच्याच खुर्चीत बसली होती. पाळणा झाला. आत्या पाळण्यात वाकली. "कुर्रर्र..." आणि मग साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चिगुसा!"

टाळ्या वाजल्या. संध्याच्या तोंडात अख्खा पेढा होता, तो तिथेच राहिला.

मैत्रेयी धावत येऊन तिच्या गळ्यात पडली. "कसं आहे नाव? युनिक ना? ग्रुपवर कुणीतरी पोल टाकला होता. जिने कुणी शोधलं तिचं भलं होवो!"

"होवो," संध्या पेढ्यातून म्हणाली.

गाडीत बसल्याबरोबर तिने रुचाला फोन लावला. "ताई, तुम्ही पोल घेतलात?"

"अगं, नाव कुणाचं ते सांगितलं नाही मी!"

"तेच सांगायचं होतं हो! नाव नको होतं सांगायला!"

त्यावर रुचा इतकी रडवेली झाली की तिने तो ग्रुपच सोडला, आणि शेवटी संध्यालाच तिची समजूत घालावी लागली.

एवढ्यावर भागलं असतं तर संध्याने तेही गिळलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात ब्रीडाबाई कुंपणापाशी पेपर फडकावत आल्या. त्यांच्या भावाचा घोड्यांचा तबेला होता. एका घोडीला नाव सुचत नव्हतं, आणि ब्रीडाबाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त भावाला सांगितलं होतं. "हजार गवतं! घोडीला आणखी काय हवं?" भाऊ म्हणाला होता. ती घोडी नासच्या शर्यतीत पहिली आली होती. पेपरात तिचा भलामोठा फोटो होता, तोंडात गवताची काडी आणि खाली ठसठशीत अक्षरांत नाव.

"तुझ्या बाळाच्या नावाने नशीब उघडलं आमचं!" ब्रीडाबाईंचे डोळे पाणावले होते. त्यांच्यावर रागावणं शक्यच नव्हतं.

दोन दिवसांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये एकाने निमिषची पाठ थोपटली. "घोडीवर पैसे लागले वाटतं? मुलीचं नाव तिच्यावरून ठेवताय म्हणे."

"आता काही नको!" संध्या त्या संध्याकाळी मनसोक्त रडली. "एक मुलगी जपानी, एक लुकनची आणि एक चार पायांची! आपली चौथी! म्हणजे ही पण 'ती दुसरी'च."

बारसं चार दिवसांवर आलेलं. बारशानंतर दोनच दिवसांत जन्मनोंदीची मुदत संपत होती. सासूबाई येऊन पोहोचल्या होत्या आणि शेजारच्या खोलीत बाळाला मालिश करत होत्या. संध्याने डोळे पुसले. तिच्या डोक्यात एक लख्ख विचार आला.

"आपलं चुकलं कुठे, सांगू? आपण सगळ्यांना आवडेल असं नाव शोधलं. जे आवडतं ते लोक उचलतात. कुणालाच आवडणार नाही असं नाव हवं!" आता ती आईच होती, ग्रुपवर होती. तिने पोल उघडला. "सांग नावं."

पाच नावं झाली. "सहावं टाक काहीतरी," ती म्हणाली. निमिषसमोर व्हिसाची फाइल पडली होती, त्यातलं एक नाव त्याने टाकलं.

सकाळी निकाल आला. पाच नावांवर हार्टांचा पाऊस, सहाव्याला शून्य. बावन्नातल्या एकीलाही ते नको होतं.

"हे कुठून आणलंस रे?" संध्याने विचारलं. निमिषने फाइल पुढे केली. तिने नाव वाचलं, शेजारच्या खोलीतून येणारं "अगं माझ्या चिमणे, रडू न्हाय, रडू न्हाय" ऐकलं, आणि फाइल मिटली. मग म्हणाली, "हेच. आणि ताईंना आधी सांगायचं नाही. चिठ्ठी द्यायची, ऐन वेळी."

बारशाला नासच्या क्लबचा हॉल भरला होता. हायाशीबाई आपली चिगुसा घेऊन आल्या होत्या, मैत्रेयी तिची. ब्रीडाबाई टोपी घालून पहिल्या रांगेत. रुचाने चिठ्ठी उघडली, एकदा वाचली, पुन्हा वाचली आणि डोळे टिपले. कशीबशी ती पाळण्यात वाकली.

"कुर्रर्र... सुहासिनी!"

टाळ्या वाजवायला उचललेले हात हवेतच राहिले. मैत्रेयी हसली, पण कशी, तर आंबट ताक प्यायल्यासारखी. संध्याला आनंदाने नाचावंसं वाटलं. एकालाही आवडलेलं नव्हतं!

आणि तेवढ्यात हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज आला, "ओ! आले, आले! कोण हाक मारतंय?"

घुगऱ्यांचं पातेलं कडेवर घेऊन सासूबाई दारात उभ्या. सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून गोंधळल्या. "काय झालं? मीठ कमी पडलं काय?"

"आई," निमिष म्हणाला, "तुला नव्हती हाक. हिला होती."

सासूबाईंना कळायला थोडा वेळ लागला. पातेलं त्यांनी हळूच टेबलावर ठेवलं. "माझं नाव ठिवलं? येडी का काय तुमी? आता मला आई म्हनत्यात, काकू म्हनत्यात, आजी म्हनत्यात. तुझं बाबा गेल्यापास्नं कुनी ह्या नावानं हाक न्हाय मारली." पदर डोळ्यांना लावत त्या पाळण्याकडे गेल्या आणि आत वाकून स्वतःचंच नाव दोनदा म्हणाल्या. बाळाने त्यांचं नाक धरलं.

मग टाळ्या वाजल्या, आणि थांबेचनात. मैत्रेयी खरोखरीची रडत होती. हायाशीबाई निमिषला अर्थ विचारत होत्या. ब्रीडाबाई सासूबाईंचा हात धरून नाव घोकत होत्या आणि सासूबाई त्यांच्याकडून ते पुन्हा पुन्हा म्हणून घेत होत्या, घुगऱ्या गार होईपर्यंत.

सोमवारी नोंदणी कार्यालयात खिडकीमागच्या बाईंनी नाव टाइप केलं आणि चष्मा वर केला. "इतक्या वर्षांत हे नाव कधी आलं नाही माझ्याकडे. फार दुर्मिळ असेल ना?"

संध्याने कडेवरच्या लेकीकडे पाहिलं. "छे हो," ती म्हणाली, "आमच्या एका घरातच दोन आहेत."