आत्याची बस आणि आमची आकडेवारी

शहराची प्रगती रस्त्यांवरून नव्हे, बसथांब्यांवरून ओळखावी. रस्ते काय, कुठेही असतात. आमच्या थांब्याला वर सौर दिवा आहे, खाली दगडी बाक आहे आणि शेजारी झाडाची कुंडी आहे (झाड मंजूर झालं आहे).

हा थांबा आमच्या शाश्वत वाहतूक कक्षाने उभारला. मी त्याच कक्षात कारकून असल्यामुळे माझं मत निःपक्षपाती समजावं. धोरण सोपं होतं: लोकांनी आपापल्या गाड्या सोडून सार्वजनिक वाहतुकीकडे वळावं. किती जण वळले ते मोजायचं, तर बसमध्ये चढावं लागणार, आणि आमच्यातला एकही जण त्याला तयार होईना. म्हणून मोजणी थांब्यावरच करायचं ठरलं. सकाळी जो थांब्यावर दिसेल, तो वळलेला.

पहिल्या महिन्याचे आकडे बघून साहेबांचं तोंड उतरलं. बस वेळेवर यायची आणि वळलेली माणसं उचलून न्यायची. मग डिझेल वाचवायला दोन फेऱ्या कमी केल्या, तर वापर दुप्पट झाला. साहेबांनी यातलं शास्त्र तिथल्या तिथे ओळखलं. फेरी एकच ठेवली, तेव्हा रांग औषधाच्या दुकानापर्यंत गेली. शेवटी बसच दुरुस्तीला पाठवली, आणि सार्वजनिक वाहतुकीच्या वापराने आजवरचे सगळे उच्चांक मोडले. धूर शून्य. बाहेरून पाहुणे आले आणि रांगेचे फोटो काढून गेले (ते गाडीने आले, कारण बस नव्हती).

या यशात माझ्या आत्याचाही वाटा आहे. ती प्रसूतिगृहात आया आहे. सकाळच्या पाळीला नुकत्याच जन्मलेल्या बाळांना पुसायचं, गुंडाळायचं आणि आईच्या कुशीत द्यायचं, हे तिचं काम. त्या कामावर तिचा फार जीव. चालत जायचं तर गुडघे ऐकत नाहीत, आणि रोजची रिक्षा परवडत नाही. मोठ्या सिस्टरनी तिला स्पष्ट बजावलं होतं, आणखी एकदा उशीर झाला तर बाळं बंद, कायमचं कपडे धुवायच्या खोलीत.

आत्या तडक आमच्या कार्यालयात आली.

"थांबा छान केलाय हो साहेब. बाक गार लागतो बसायला. पण बस कुठंय?"

"मावशी, तुम्ही आमच्या आकडेवारीत आहात," साहेब कौतुकाने म्हणाले.

"ते असू दे. मला दवाखान्यात असायला हवं ना?"

"तुम्ही तिकडे गेलात, तर इथला वापर घटेल."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी फायलीत डोकं घातलं.

"तू घरी ये, मग बघते," ती म्हणाली. या सूचनेवर जावक क्रमांक नसतो, पण अंमलबजावणी तातडीने होते. मी साहेबांच्या हातापाया पडून प्रायोगिक तत्त्वावर सकाळची एक फेरी मंजूर करून घेतली (अहवालात हिला 'वापरातील तात्पुरती घट' म्हटलं आहे).

आज ती बस आली. आत्या पहिल्याच सीटवर बसली, डबा मांडीवर घेऊन. रांगेतल्या सगळ्यांना जागा मिळाली. मला, खरं सांगतो, भरून आलं. बस सुटली, कोपऱ्यावर वळली, फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकेत शिरली आणि थांबली.

पुढे एक गाडी उभी आहे. दिवे लुकलुकतायत, म्हणजे मालक दोनच मिनिटं थांबलाय. मी स्वतः जाऊन चौकशी केली. माणूस सज्जन आहे. सार्वजनिक वाहतूक सुधारलीच पाहिजे, असं त्याचं ठाम मत आहे. काच वर करून, एसी लावून तो काहीतरी वाचतोय आणि आमच्या साहेबांना मनसोक्त हसतोय.

गाडीचा नंबर सांगत नाही, चारचौघांत बरं दिसत नाही. पण वाचून होतच आलंय, तर गाडी तेवढी पुढे घेता का? आत्या सारखी घड्याळाकडे बघतेय.