नानांचा पास्ट टेन्स

इंग्रजीच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द म्हणजे सातबारा! एकदा नोंद झाली की कुणी खोडायची नाही. बारावीला इंग्रजीत तालुक्यात पहिली आले होते मी! म्हणून तर शिर्डीतल्या आमच्या छोट्या लॉजचे ईमेल सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, लग्नानंतर लगेच माझ्यावर सोपवले.

यंदा आजूबाजूला लिफ्टवाली हॉटेलं उभी राहिली आणि आमच्या खोल्या ओस पडल्या. नाना लॉज विकायची भाषा करायला लागले. अशात आयर्लंडच्या मार्गारेटबाईंचा मेल आला. पूर्वी त्या आमच्याकडे राहून गेलेल्या. आता सोबत गाडीभर भक्त आणणार होत्या! शेवटी विचारलं होतं, नाना कसे आहेत?

मी झोकात लिहिलं, "नाना लिव्ह्ड हिअर फॉर थर्टी इयर्स. एव्हरीबडी लव्ह्ड हिम." 'हॅज लिव्ह्ड' लिहिता आलं असतं, पण 'हॅज' म्हणजे बैलावरची झूल. शोभेला ठीक, नांगराला काय उपयोग!

उत्तर आलं, "सो सॉरी फॉर युवर लॉस."

"काय म्हनती गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आपल्याला तोटा झाला ना आत्या, त्याचं वाईट वाटलं त्यांना."

"बघ! परक्या बाईला कळतंय!"

मी लगेच कळवलं, "थँक्यू. इट वॉज स्लो अँड पेनफुल."

ठरल्या दिवशी दारात गाडी थांबली. उतरले ते सगळे पांढऱ्या कपड्यांत! प्रत्येकाच्या हातात फुलं, तोंडं पावसात भिजलेल्या कोंबड्यांसारखी! मार्गारेटबाईंनी सासूबाईंना मिठी मारून हंबरडाच फोडला. सासूबाईही रडायला लागल्या.

"आत्या, तुम्ही का रडताय?"

"एवढ्या लांबून आली बिचारी. तिला एकटीला कसं रडू द्यायचं?"

तेवढ्यात आंघोळ उरकून नाना बाहेर आले. "वेलकम! वेलकम!"

मार्गारेटबाई किंचाळून सोफ्यावर कोसळल्या. दोघं-तिघं धावत जाऊन नानांच्या पाया पडले. त्यांच्या लेखी चमत्कार झाला होता! नाना घाबरून परत बाथरूममध्ये!

पाणी पिऊन सावरल्यावर बाईंनी मोबाईलवर माझाच मेल मला दाखवला. 'हॅज लिव्ह्ड' म्हणजे माणूस अजून इथंच राहतोय. नुसतं 'लिव्ह्ड' म्हणजे आटोपला कारभार!

मी चाचरत नानांना सगळं सांगितलं.

"म्हंजी एका 'हॅज'पायी मी गेल्तो व्हय?"

मला धरणी पोटात घेईना! पण नाना खो-खो हसत सुटले. "ह्यांनी भाषणं आनली असतील की! वाचू द्या!"

मग काय, शोकसभा झाली! हार गळ्यात घालून नाना खुर्चीवर बसले. मार्गारेटबाई बोलल्या, मी मराठीत सांगत गेले. त्या तापानं फणफणल्या होत्या, तेव्हा नानांनी त्यांना दवाखान्यात नेलं होतं, मऊ भात करून भरवला होता. नाना डोळे पुसत म्हणाले, "जित्या मानसाला इतकं ग्वाड कोनी बोलत न्हाई, पोरी."

"मला न्हाई कधी भात भरवला!" सासूबाई फणकारल्या.

मंडळी आठवडाभर राहिली आणि जाताना पुढच्या वर्षाचं बुकिंगही करून गेली. लॉज विकायचा विषय संपला.

आता फक्त एकच पंचाईत. नाना रोज सकाळी माझ्यामागे लागतात, "दिपाली, समद्या जुन्या गिऱ्हाइकांना मेल धाड. पास्ट टेन्समदीच!"