कच्च्या लिंबाचा धप्पा

"हरेल त्याची मिशी. आणि ती घरात नाही, चारचौघांत उतरवायची," असं घड्याळजी बोलून गेला आणि ते गल्लीने ऐकलं. पुढचं सगळं रामायण त्यामुळेच झालं.

घड्याळजी कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करायचा. त्याची मिशी कायम दहा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखी. समोरचा ड्रायव्हर जन्मभर बस हाकून निवृत्त झालेला, त्याची मिशी बुटाच्या ब्रशासारखी. दोघांची लहानपणापासूनची दोस्ती, म्हणजे एक दिवस भांडण चुकलं तर दोघांना जेवण जायचं नाही.

निमित्त झालं दिव्यांचं. घड्याळजीने घराभोवतीच्या भिंतीवर सोलरचे दिवे बसवले होते. दिवसा उन्हावर चार्ज व्हायचे. अंधार पडल्यावर कुणी हललं की भक्कन लागायचे, हालचाल थांबली की थोड्या वेळाने आपले आपण विझायचे.

"मांजर गेलं तरी लागतात," घड्याळजी म्हणाला. "या अंगणात मला धप्पा देणारा अजून जन्मायचाय."

धप्पा म्हटल्याबरोबर ड्रायव्हरने चहाचा कप खाली ठेवला. लहानपणी याच अंगणात सगळी पोरं लपाछपी खेळायची. ज्याच्यावर राज्य त्याला मागून गाठायचं, पाठीत थाप हाणायची, 'धप्पा' म्हणायचं, की त्याच्यावर परत राज्य. घड्याळजीने मात्र कधी धप्पा खाल्लाच नाही. तो भिंतीला पाठ घासत खेकड्यासारखा आडवा फिरायचा.

"मागच्या अंगणात पाठ करून बस तू," ड्रायव्हर म्हणाला. "मी फाटकातून येतो. एक दिवा लागू देत नाही आणि धप्पा देतो. रविवारपर्यंत."

"नाही जमलं तर तुझी मिशी."

"जमलं तर तुझी."

"मी पण खेळणार," असं म्हणत घड्याळजीची धाकटी बहीण दारात आली. ती हॉस्पिटलात नर्स होती. निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आलेली.

"तू कच्चा लिंबू," दोघं एका सुरात म्हणाले.

कच्चा लिंबू म्हणजे खेळात घ्यायचं, पण धरायचं नाही. त्याच्यावर राज्य नाही, त्याला शोधायचं नाही, आणि त्याने धप्पा दिला तरी तो मोजायचा नाही. ड्रायव्हर तर तिला अजून लिंबूच म्हणायचा.

"एकदा मी पिंपामागे लपले होते," ती म्हणाली. "पार अंधार पडला. तुम्ही घरी जाऊन जेवलातसुद्धा. शोधायला कुणी आलंच नाही."

"अगं, तुला शोधायचंच नसतं," ड्रायव्हरने तेव्हाच्याच सुरात समजावलं.

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

त्या संध्याकाळपासून गल्लीला दुसरं काम उरलं नाही. लोक जेवणं उरकून भिंतीवर बसू लागले. पहिल्या दिवशी ड्रायव्हर चवड्यांवर आला. छान येत होता, पण घराच्या वळणावर सवयीने त्याच्या तोंडून "पोंऽ" निघालं. तेवढ्यात दिवाही लागला.

मग त्याला कुणीतरी सांगितलं की हे दिवे अंगाची ऊब ओळखतात. दुसऱ्या दिवशी तो ओली रजई पांघरून आला. दिवा लागला तो लागलाच, वर गल्लीतला कुत्रा अस्वल समजून त्याला थेट घरापर्यंत सोडून आला. मग तो इतका हळू यायला लागला की भिंतीवरच्या म्हाताऱ्यांना डुलक्या लागल्या. नेमका रजईमुळे झालेल्या सर्दीने घात केला. शिंक आली आणि सगळं अंगण उजळलं.

घड्याळजीचेही हाल कमी नव्हते. तो पेपर घेऊन बसायचा, पण स्थिर बसला की दिवा विझायचा. मग दिव्यासाठी तो हात हलवायचा. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटायचं, बोलावतोय. भाजीवाला दोनदा आत येऊन भेंडी देऊन गेला.

"रविवार आला, डायवर," घड्याळजी मिशीला पीळ देत म्हणाला. "घे कुरवाळून."

रविवारी सकाळी धाकटीने घरातल्या चादरी, पलंगपोस, पडदे सगळं धुवायला काढलं.

"आजच काय गं?" घड्याळजीने विचारलं.

"ऊन चांगलं आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी सगळी गल्ली भिंतीवर. घड्याळजी पाठ करून बसला. ड्रायव्हर फाटकातून शिरला. दिवा नाही. वळणावर आला, तोंड हाताने दाबून धरलं. दिवा नाही. आनंदाने त्याला उड्या माराव्याशा वाटल्या, पण समोरचं काही दिसेना. नळाखालच्या बादलीत पाय गेला आणि तो बादलीसकट अंगणभर वाजला.

"आऊट," घड्याळजी उठून उभा राहिला.

"दिवा लागला का?"

"आवाज केवढा झाला."

"पैज दिव्याची होती. लागला का दिवा?"

"तो लागला नाही, पण तू पडलास."

"पडलो म्हणून आऊट? क्रिकेट आहे का हे?"

दोघं अंधारात नाकाला नाक लावून भांडत असताना दोघांच्याही पाठीत एकदमच थाप बसली.

"धप्पा."

वॉर्डात झोपलेल्या पेशंटची चादर सारखी करून परत फिरणाऱ्या पावलांनी ती आली होती. भिंतीवरच्यांनासुद्धा पत्ता लागला नाही. दिवे आधीच रोज रात्री लागून लागून दमलेले, आणि रविवारचं सगळं ऊन दिवसभर भिंतीवर वाळत पडलेल्या तिच्या चादरींनी खाल्लेलं.

"कच्च्या लिंबाचा मोजत नाहीत," घड्याळजी कसाबसा म्हणाला.

"दादा, माझे केस बघ," ती म्हणाली. "लिंबू कधी पिकतो रे तुमच्यात?"

घड्याळजीने केसांकडे बघितलं नाही, स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग ड्रायव्हरच हसायला लागला, बादलीतून पाय काढायचं विसरून.

"मोजा रे," तो म्हणाला. "दोघांची गेली."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सलूनवाला आपली खुर्ची घेऊन त्याच अंगणात आला. गल्ली भिंतीवर हजर. दिवे दिवसभर ऊन खाऊन टवटवीत. पण वस्तरा लावला की गिऱ्हाईक हलायचं नाही, गिऱ्हाईक हललं नाही की दिवा विझायचा.

"हात हलवा," सलूनवाला ओरडला. सगळी गल्ली हात हलवू लागली. भाजीवाला भेंडी घेऊन आत आला. अशा उजेडात दहा वाजून दहा मिनिटं गेली आणि ब्रशही गेला.

धाकटी दोघांच्या कोऱ्या तोंडांकडे बघत राहिली.

"आत्ता ओळखू आलात," ती म्हणाली. "आता मला राज्य पाहिजे. कधी दिलंच नाहीत."

तिने भिंतीकडे तोंड करून डोळे झाकले. गळ्यात टॉवेल अडकवलेले दोन म्हातारे एकमेकांकडे बघू लागले आणि मग खरंच पळाले. तिने डोळे उघडले तेव्हा अंगणात एकच दिवा लागला होता, पिंपाच्या बरोबर वर.

तिने त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं. मग भिंतीवरच्यांना तोंडावर बोट ठेवायला लावलं, पदर खोचला आणि आत जाऊन जेवायला बसली.

पिंपामागे दोघं श्वास रोखून, न हलता बसले होते. दिवा विझला.

"घड्याळ्या," बऱ्याच वेळाने अंधारातून ड्रायव्हरचा आवाज आला. "ती शोधतेय ना रे?"