बावीस फाटे आणि एक मोजा

"हरणाची शिंगं जोखायला मला दुर्बीण लागत नाही!" आलोइस ग्रुबहोफरनं गुत्त्यातल्या टेबलावर मूठ आपटली. "कान बघायचा. कान म्हणजे एक वीत. त्या मापानं वर मोजत जायचं. वरच्या कुरणातला नर बावीस फाट्यांचा आहे, बघाच!"

"आपल्या टायरॉलच्या डोंगरात बावीस?" शेजारचा कोर्बिनियान फिस्सकन हसला. "किती ढोसली होतीस?"

"एका बाजूला अकरा मोजले. ज्या बाजूला जास्त, तिची दुप्पट. रीतच आहे!"

"पण फाटा कशाला म्हणायचं?"

"ज्यावर शिकाऱ्याच्या कर्ण्याचा पट्टा लटकून राहतो, त्याला! मला शिकवतोस?"

"मग लाव पैज. तुझी हॅट!"

गुत्त्यातल्या सगळ्यांच्या माना आलोइसच्या हॅटकडे वळल्या. त्या हॅटवर आजोबांनी मारलेल्या डोंगरी बोकडांच्या केसांचा तुरा होता. रविवारी चर्चपाशी लोक आधी तुऱ्याला नमस्कार करत, मग आलोइसला. तुरा गेला तर खाली उरणार काय? नुसतं टक्कल!

"लावली!" आलोइस म्हणाला खरा, पण हात तुऱ्याकडे गेला.

घरी बायको नोटबुर्गा वाटच बघत होती. "अहो, परवा कुरणालगत कपडे वाळत घातले होते. दोरीच गेली! चिमट्यांसकट, तुमच्या लाल टाचांच्या मोज्यांसकट!"

"इथे इज्जतीचा प्रश्न आहे आणि तुझं मोज्यांचं काय चाललंय!"

पहाटे दोघं मित्र कुरणाच्या कडेला पालथे पडले. धुक्यातून नराची अशी डरकाळी आली की छातीची फासळी न् फासळी थरथरली. मग तो बाहेर आला. केवढा तो! डोक्यावर जणू अख्खं झाड.

"देवा रे," कोर्बिनियान पुटपुटला. "अकरा कसले, मला तेरा दिसतायत!"

आलोइसनं ऐटीत बंदूक रोखली, नळीवरच्या भिंगाला डोळा लावला आणि गारच पडला. एका फाट्याला स्प्रिंग होती! शेजारच्यालाही! शिंगांना दोरी गुंडाळलेली, तिच्यावर चिमटे ताठ उभे, आणि खाली लाल टाचेचा मोजा डुलतोय.

"कोर्बिनियान, ते चिमटे आहेत रे."

"मग खरे किती?"

"पाच. दुप्पट दहा. पण मोजा लटकतोय, म्हणजे नियमानं..."

"नियमात पट्टा आहे. मोजा नाही!"

इतक्यात नरानं मान उंचावली. ऊन शिंगांवर आलं, तोंडातून वाफ निघाली आणि त्या आवाजानं सगळी दरी भरून गेली. दोघांनाही हसू आलं नाही. बंदूक केव्हाच खाली गेली होती. चर्चमध्ये शिरल्यासारख्या हॅट्स आपोआप डोक्यावरून उतरल्या. तो मोज्यासकट, अगदी राजासारखा, सावकाश जंगलात गेला.

"काय जनावर होतं रे!" कोर्बिनियान म्हणाला.

"जन्माचं सार्थक झालं!" आलोइसनं डोळे पुसले.

"झालं ना? मग आता हॅट काढलीच आहेस, तर इकडेच दे."